उभ्या निवडुंगाचं कटिंग: सुरी लावल्यापासून पहिल्या फुलापर्यंत

खांबासारखा उभा वाढणारा निवडुंग कुठे दिसला तर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदा नीट नजर फिरवा. मधेच कुठेतरी कंबर लागते. खांब तिथे बारीक होतो आणि वर पुन्हा भरतो. बहुतेक वेळा ती कंबर म्हणजे त्या झाडाने अपुऱ्या उजेडात काढलेली एक थंडी असते. इतर झाडांत पान पिवळं पडतं, गळतं आणि वर्षभराने झालेल्या चुकीचा मागमूसही राहत नाही. इथे पानंच नाहीत, सगळा कारभार खोडावर. जास्तीचं पाणी, चुकलेलं ऊन, सगळं खांबावर उमटतं आणि तिथेच राहतं.

खालचा क्रम एका ४० सेंटीमीटरच्या कटिंगचा आहे. पहिलं फूल यायला सहा वर्षं लागली. जात सेरियस, नर्सरीत ‘पेरुव्हियानस’ अशी चिठ्ठी लावून विकतात ती. नावावर जाऊ नका. तिचं आजचं शास्त्रीय नाव सेरियस रेपांडस, मूळ प्रदेश दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि लगतची कॅरिबियन बेटं. पेरूशी तिचा संबंध चिठ्ठीपुरताच. शिवाय त्याच चिठ्ठीखाली पुष्कळदा जवळची दुसरी जात किंवा संकर निघतो. निगेत त्याने काही बिघडत नाही. पहिल्यांदाच उभा निवडुंग लावणाऱ्याने सेरियसच घ्यावा, कारण तो भराभर वाढतो आणि चूक झाली तर कापून पुन्हा उभा करता येतो. सुंदर निळा पिलोसोसेरियस १० अंश सेल्सिअसच्या खाली कुरकुरतो, पांढऱ्या केसांचा सेफॅलोसेरियस सेनिलिस फार संथ, आणि सिनेमात दिसणारा हात पसरलेला साग्वारो पहिली दहा वर्षं जेमतेम बोटभर उंच असतो.

सुरी लावण्याआधी

समोरचं झाड कॅक्टस आहे की युफोर्बिया, हे आधी पाहा. मराठीत दोघांनाही निवडुंगच म्हणतात. त्रिधारी निवडुंग खरं तर युफोर्बिया. खूण सोपी आहे. कॅक्टसच्या धारेवर, म्हणजे खांबाच्या उभ्या कंगोऱ्यावर, ठरावीक अंतरावर लोकरीसारखी बारीक गादी असते आणि काटे त्या गादीतून झुबक्याने निघतात. युफोर्बियाला गादी नसते, काटे बहुधा जोडीने असतात आणि टोचलं की पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. त्यामुळे शंका असेल तर टाचणीचं एक टोक टोचून बघा आणि मगच मोठी सुरी काढा.

कटिंग दुसऱ्या देशातून आणायचं असेल तर कागदपत्रांची तयारी आधी करा. संकटात असलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइटीज या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात थोडे अपवाद वगळता अख्खं कॅक्टस कुळ आहे, काही जाती तर पहिल्या परिशिष्टात. म्हणजे नर्सरीत वाढवलेल्या रोपालाही निर्यात करणाऱ्या देशाचा कागद लागतो, वर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र वेगळं. दुसऱ्या परिशिष्टातल्या जातींच्या बियांना सूट आहे, पण मेक्सिकोतून निर्यात होणाऱ्या बियांना ती नाही. कागद येईपर्यंत आठवडे जातात आणि मुळं नसलेलं कटिंग तेवढं थांबू शकतं, हा या झाडाचा मोठाच गुण. जवळपास कुणाकडे मोठं झाड असेल तर मात्र ही सगळी यातायात टाळा आणि त्यांच्याकडूनच फांदी मागा.

पहिला दिवस

थंडी सरून ऊब सुरू झाली की कापावं. थंडीत किंवा दमट, ढगाळ दिवसांत कापलेलं तोंड लवकर सुकत नाही आणि तिथून सडतं. सुरी लांब पात्याची आणि धारदार हवी. पातं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि कोरडं होऊ द्या. धरण्यासाठी वर्तमानपत्राच्या पाच-सहा पानांची जाड पट्टी करून खांबाभोवती गुंडाळा. हातमोज्यांपेक्षा ही पट्टी बरी, कारण कापडी मोज्यांतून काटे सरळ आत येतात आणि निघताना मोज्यातच मोडतात.

कापताना करवतीसारखं मागेपुढे घासू नका, दाबून एकाच दिशेला ओढा. तोंड उघडं पडलं की त्याच्याकडे थोडं थांबून बघा. बाहेर हिरवी, मेणचट, टणक साल. आत पांढरा पाणीदार गर. मधोमध फिकट रंगाचं एक कडं, बांगडीसारखं. हे कडं म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आणि मुळं मुख्यतः याच्या आसपास फुटतात. कड्यात नारिंगी किंवा तपकिरी ठिपका दिसला तर सड आत पोहोचली आहे. सुरी पुन्हा पुसायची, दोन सेंटीमीटर वर कापायचं, आणि तोंड पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहायचं. ठिपका एकच आहे, चालेल, असं म्हणून लावलेलं कटिंग दीड-दोन महिन्यांत आतून काळं पडतं.

यानंतरची पायरी बहुतेक जण सोडून देतात. कापलेल्या तोंडाची कड सगळीकडून तिरकी छाटायची, पेन्सिलीला टोक काढल्यासारखी, एक ते दीड सेंटीमीटर. कारण असं: गर सुकताना आत ओढला जातो, साल मात्र आकसत नाही. सरळ कापलेलं तोंड त्यामुळे बशीसारखं खोलगट होतं. मधल्या कड्यातून मुळं फुटतात ती त्या पोकळीत, मातीपासून अधांतरी. पाणी साचलं तर तेही तिथेच. कड छाटली की मधलं कडं सर्वांत खाली येतं आणि मातीला टेकतं.

खांबाचा मधला तुकडा घेत असाल तर वरची बाजू लगेच बाणाने रंगवून ठेवा. महिन्याभराने दोन्ही तोंडं सारखीच दिसतात आणि उलटा लावलेला तुकडा धड वाढत नाही. आईझाडावर उरलेला खुंट तिरका कापा म्हणजे पाणी ओघळून जाईल. त्या खुंटाच्या वरच्या गाद्यांतून पुढे दोन-तीन फांद्या फुटतात.

पहिले तीन आठवडे: काहीही न करणं

कटिंग रिकाम्या कुंडीत कागदाचे बोळे भरून उभं ठेवा, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. आडवं टाकू नका. आडवं पडलेलं कटिंग काही आठवड्यांत शेंड्याकडून वर वळायला लागतं आणि तो बाक कायमचा राहतो. तोंडावर गंधकाची भुकटी लावली तर चालते, नाही लावली तरी अडत नाही. कोरडी हवा हेच खरं औषध.

७ सेंटीमीटर जाडीच्या या कटिंगला एकवीस दिवस लागले. बोटाएवढ्या कटिंगला आठ-दहा दिवस पुरतात, मनगटापेक्षा जाड असेल तर महिना धरा. खपली तयार झाली की तोंड फिकट तपकिरी, कडक होतं आणि नखाने वाजवलं तर कोऱ्या पुठ्ठ्यासारखा आवाज येतो. कुठेही बोटाला मऊ किंवा ओलं लागलं तर अजून थांबा. कटिंग थोडं सुरकुततं, त्याला घाबरू नका. घाईने लावलेली कटिंगं मरतात, उशिरा लावलेली क्वचितच.

माती आणि कुंडी

दहा भागांत सहा भाग खरखरीत, खनिज माल: प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), भरड वाळू, परलाइट (भाजून फुलवलेले पांढरे खनिज दाणे) किंवा विटांचा चुरा, दाणा ३ ते ५ मिलिमीटरचा. चाळून घ्या आणि खाली पडलेली भुकटी फेकून द्या. ती ठेवली तर दाण्यांमधल्या जागा बुजतात आणि सगळ्या खटपटीवर पाणी पडतं. तीन भाग साधी भुसभुशीत माती, एक भाग पूर्ण कुजलेलं पानखत. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. नुसतं कोकोपीट तर नकोच. ओलं असताना ते आतून लवकर सुकत नाही आणि एकदा खडखडीत वाळलं की पाणी घेत नाही, पाणी कडेकडेने खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं झाडाला पोहोचलं.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालायचा सल्ला सगळे देतात. माझ्या मते तो सोडून द्यावा. बारीक मातीतलं पाणी भरड थरात सहज उतरत नाही, ते सीमेवर अडून राहतं. म्हणजे ओलसर पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा.

कुंडी मातीची, १८ सेंटीमीटर व्यासाची घेतली. मोठी कुंडी म्हणजे मुळं नसलेल्या मातीत राहिलेलं पाणी, म्हणजे सड. पण उंच झाडाला हलकी प्लॅस्टिकची कुंडीही चालत नाही, वाऱ्याने कलंडते. कटिंग फक्त ६ सेंटीमीटर खोल लावायचं. खोल लावलं की पक्कं उभं राहील असं वाटतं, पण पुरलेला हिरवा भाग ओलीत कुजतो. आधारासाठी तीन काठ्या रोवून जुन्या सुती कापडाच्या पट्टीने सैल बांधा. तार किंवा सुतळी धारेत रुतते.

तिसरा ते नववा आठवडा

लावल्यावर दोन आठवडे पाणी नाही. मिश्रण किंचित दमट असलं तरी पुरे. मुळं नाहीत तर पाणी पिणार कोण? पंधराव्या दिवशी कडेने अर्धा पेला, मग दर दहा दिवसांनी तेवढंच. जागा उजेडाची, पण थेट ऊन नाही.

या काळात सगळ्यांचा हात शिवशिवतो तो कटिंग हलवून मुळं आली का बघायला. प्रत्येक झटक्याला नुकती फुटलेली केसाएवढी मुळं तुटतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर जातं. शेंडा बघा. तिथे नवे काटे आले, जुन्या राखाडी काट्यांच्या मानाने ताजे आणि गडद किंवा पिवळसर, की खाली मुळं धरली. इथे ते सत्तेचाळिसाव्या दिवशी दिसले. सुरकुतलेल्या धारा आठवडाभरात फुगल्या. भात्यासारख्या घड्या असलेल्या या धारांचं कामच ते, पाणी मिळालं की फुगायचं आणि संपलं की मिटायचं.

पहिला उन्हाळा

मुळं धरलेल्या झाडाला दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवं, पण ते हप्त्याहप्त्याने. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळचा तास-दीड तास, मग दर आठवड्याला तास-तास वाढवत न्या. सावलीतून एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर दोन दिवसांत एका बाजूला पांढुरका, मग पेंढ्याच्या रंगाचा चट्टा पडतो. तो कधीच हिरवा होत नाही. कुंडी दर पंधरा दिवसांनी पाव वळसा फिरवा, नाहीतर खांब उजेडाकडे झुकतो.

पाण्याचा हिशेब आठवड्यांवर ठेवू नका. लाकडी काडी तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. काडीला ओल किंवा माती चिकटली असेल तर थांबा. कोरडी निघाली तर भोकातून वाहेपर्यंत भरपूर पाणी द्या आणि बशीत साचलेलं अर्ध्या तासात ओतून टाका. घोट-घोट पाणी देण्याची सवय वाईट, वरची दोन बोटं ओली राहतात आणि खालची मुळं सुकून मरतात. कडक उन्हाळ्यात हे चक्र सात ते दहा दिवसांचं होतं. पाणी संध्याकाळी द्या. निवडुंगाची रंध्रं रात्री उघडतात. तेव्हा तो कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रं मिटून तो वापरतो. रात्रीही गरम राहणाऱ्या, कोंदट खोलीत तो म्हणूनच रखडतो.

जड पाण्याने मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरते, मातीचा सामू (पीएच) चढतो आणि झाड अन्न उचलेनासं होतं. जमेल तेव्हा पावसाचं पाणी वापरा. खत वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं, पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्म्या ताकदीचं. नत्र जास्त झालं की खांब मऊसूत, फुगीर होतो आणि मोठ्या पाण्यानंतर उभा तडकतो. तडक कोरडी राहिली तर आपोआप खपली धरते, पण व्रण राहतो.

पहिली थंडी

कंबर तयार होते ती इथे. उजेड कमी झाला की पाणीही कमी करायचं, कारण ऊब आणि पाणी मिळालं तर झाड वाढतंच, मात्र अंधारात वाढलेला भाग फिकट, टोकदार आणि पेन्सिलीएवढा निघतो. पुढे चांगलं ऊन मिळालं तरी तो भाग नीट भरत नाही, त्याच्यावर मात्र जाड खांब उभा राहतो आणि एक दिवस वजनाने तिथूनच मोडतो. म्हणून थंडीत महिन्या-दीड महिन्याने एकदा थोडं पाणी, खत बंद, जागा घरातली सर्वांत उजेडाची आणि शक्यतो थंड, पण ८-१० अंशांच्या खाली नाही. झाड किंचित चिपाड दिसेल. दिसू द्या. इथे पहिल्या वर्षी दोन पाणी जास्त झाली, तर ५२ सेंटीमीटर उंचीवर आठ बोटं लांबीचा बारीक भाग आजही दाखवता येतो. अशी कंबर फार बारीक असेल तर तिच्या वर कापून वरचा भाग नव्याने लावणं हाच उपाय.

तिसरं वर्ष: कुंडी बदलणं

भोकातून मुळं बाहेर आली आणि पाणी दिल्यावर दोनच दिवसांत कुंडी हलकी लागू लागली, म्हणजे वेळ झाली. वाढ सुरू होण्याच्या तोंडावर, माती पूर्ण कोरडी असताना बदला. उंची ८५ सेंटीमीटर झाली होती, म्हणजे दोन माणसं हवीत. खांबाला जुना टॉवेल गुंडाळून जमिनीवर आडवा ठेवला, एकाने टॉवेल धरला, दुसऱ्याने कुंडीच्या कडेला लाकडाने ठोकत ती ओढून काढली. खांब धरून ओढू नका, बुंधा आणि मुळाचा सांधा सुटतो.

जुनी माती निम्मी झाडून टाका आणि मुळं तपासा. पांढरी-फिकट मुळं चांगली, काळी आणि बोटाने साल निसटणारी मेलेली, ती छाटा. मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके असतील तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. सगळी माती धुऊन काढा आणि कुंडीही बदला. छाटलेली मुळं पाच दिवस सावलीत सुकू द्या, नवी कुंडी आधीपेक्षा फार तर चार-पाच सेंटीमीटर मोठी घ्या, जुन्याच खोलीवर लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका.

मधल्या वर्षांतली दुखणी

सर्वांत जास्त घाबरवतो तो बुंध्यावरचा तपकिरी रंग. बोटाने दाबा. कोरडा, कडक, लाकडासारखा लागला आणि हळूहळू खालून वर सरकत असेल तर ते वय आहे, साल बुचासारखी होतेय, काही करायचं नाही. मऊ लागला, पाणी सुटलं, वास आला तर सड. मग त्याच दिवशी सुरी काढा, वर स्वच्छ कडं मिळेपर्यंत कापा आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात करा. पाणी बंद करून वाट बघण्यात शेंडाही जातो.

पिठ्या ढेकूण धारांच्या खोबणीत आणि शेंड्याच्या लोकरीत लपतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने एकेक टिपा आणि दर आठवड्याला असं चार वेळा करा, कारण अंड्यांना पहिल्या वेळी काही होत नाही. कडुलिंबाचं तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळीच फवारा. निळ्या जातींवर ते नको, निळाई म्हणजे वरचं मेण आणि ते निघून जातं. शेंड्याकडून गंजासारखा बारीक करडा थर चढत असेल तर लाल कोळी. कोंदट, कोरड्या हवेत तो वाढतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा आणि जागा हवेशीर करा. गंजलेला भाग तसाच राहील, वरचा नवा भाग हिरवा निघाला म्हणजे जिंकलं.

सहावं वर्ष

उंची १.६ मीटर. मोठ्या झाडाच्या फांदीपासून लावलेलं असल्यामुळे सहाव्या वर्षी कळी आली. बियांपासून लावलं असतं तर सहसा आणखी थांबावं लागतं. कळी धारेवरच्या गादीतून निघाली, आधी लोकरीचा गोळा, मग बोटाएवढी. कळी आल्यावर कुंडी हलवू किंवा फिरवू नका आणि माती फार कोरडी पडू देऊ नका, कळ्या गळतात.

फूल अंधार पडल्यावर उमलू लागलं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला पूर्ण उघडलं. पांढरं, तळहाताहून मोठं. सकाळी ऊन चढताच मिटलं. ही फुलं पतंग आणि वटवाघळांसाठी असतात. फळ धरायचं तर सहसा दुसऱ्या वेगळ्या झाडाचा पराग लागतो, त्यामुळे एकच झाड असेल किंवा दोन्ही कटिंगं एकाच आईझाडाची असतील तर फळाची आशा ठेवू नका. मिटलेलं फूल लोंबकळत राहतं, ते ओलं असताना उपटू नका, गादीला जखम होते. आठवडाभरात देठ सुकला की ते आपोआप हातात येतं.